थोरलीचं लग्न

थोरलीला कुणाचाही हेवा वाटत नसे. हे ती स्वतःच सांगायची, कुणी न विचारता सांगायची, आणि सांगताना तिच्या नाकपुड्या अशा फुगायच्या की ऐकणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. हेवा नसलेला माणूस असं गावभर सांगत फिरतो का? तो गप्प पडून झोपतो. थोरलीला झोप लागत नव्हती, आणि त्याचं कारण होतं बॅरिस्टर.

बॅरिस्टर म्हणजे कोर्टातली नव्हे हो. सोफ्यावरची. दाताच्या डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एक एजन्सी होती. बाहेरच्या खोलीत लांबलचक सोफा, भिंतभर आरसा आणि कायम गळणारं कॉफीचं मशीन. आतल्या खोलीत दोन फोन मांडून आत्या बसलेली. पैसे घेऊन माणसाला सोबत द्यायची, हा तिथला धंदा. जेवायला सोबत, समारंभाला सोबत, आणि दार लावल्यानंतरची सोबत. उगाच आडपडदा कशाला ठेवा? गिऱ्हाइकाचा फोन आत्याला यायचा, कुणाला पाठवायचं ते आत्या ठरवायची, ड्रायव्हर नेऊन सोडायचा आणि काम संपेपर्यंत खाली गाडीत पेंगायचा. सोफ्यावर कामाची वाट बघत बसणाऱ्यांत सगळ्यांत जुनी म्हणून ही थोरली. आणि आत्याशी शब्दाला शब्द भिडवायची म्हणून ती बॅरिस्टर.

या बॅरिस्टरनं एक दिवस आत्याशी कडाकडा भांडून एजन्सी सोडली आणि स्वतंत्र काम सुरू केलं. सोफ्यावर सगळ्या म्हणाल्या, आठवडाभरात येईल नाक घासत.  आत्यानं मात्र बॅरिस्टरचं लग्न लावून टाकलं.

ही आत्याची रीत होती. कुणी सोडून गेली की तिला विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला आत्या फोनवर मध घालून सांगायची, "तिचं लग्न झालं हो." आत्याचं म्हणणं असं, की आजारी आहे म्हटलं तर माणूस घाबरतो, दुसरीकडे गेली म्हटलं तर शोधत जातो. लग्न झालं म्हटलं की एक सुस्कारा टाकतो आणि विचारतो, मग दुसरी कोण आहे? अशी आत्यानं इतकी लग्नं लावली होती की एखाद्या विवाह मंडळानं तिचा सत्कार करावा. प्रत्येक लग्नाला सोफा खदाखदा हसायचा, आणि थोरलीचं हसू सगळ्यांत मोठं असायचं.

बॅरिस्टर काही नाक घासत आली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिनं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खिडकीला पिवळे पडदे लावले. दुपारी काम, संध्याकाळी दिवा लावून पुस्तक वाचत बसायचं. थोरली पहिल्यांदा तिच्याकडे गेली तेव्हा फोन वाजला, आणि बॅरिस्टर मान तिरकी करून म्हणाली, "नाही हो, माफ करा, मला जमणार नाही." आणि फोन ठेवून पुन्हा कॉफी ढवळायला लागली. बस, एवढंच! ना आत्याला विचारायचं, ना कारण द्यायचं. थोरलीनं अर्धं खाल्लेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं.

"ये की बाहेर तूही," बॅरिस्टर म्हणाली. "किती दिवस त्या सोफ्याची स्प्रिंग टोचून घेणार आहेस?"

"नको गं बाई," थोरली म्हणाली. "तुझ्याकडे खाली गाडीत ड्रायव्हर आहे का? उद्या कुणी गळा धरला तर हे पडदे सोडवणार आहेत का तुला? शिवाय चादरी तूच धू, फोन तूच घे, माणूस कसा आहे ते तूच ताड. तिकडे मला काही बघावं लागत नाही. दुरून डोंगर साजरे."

बोलताना तिचे डोळे मात्र पडद्यांवरून हलत नव्हते. घरी जाऊन तिनं आपल्या खिडकीचे पडदे काढले, धुतले आणि पुन्हा तेच लावले. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या लेखी थोरली एका हॉटेलच्या काउंटरवर होती. बहीण आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची रड सांगत होती, आणि थोरली म्हणाली, "मला कसलाच जाच नाही बघ, मी आपली सुखी." बहीण म्हणाली, "मग इतकी चिडून का सांगतेस?"

तर ड्रायव्हरचा प्रश्न खरा होता, आणि बॅरिस्टरनं त्यावर तोड काढली. माणूस दारात आला की ती थोरलीला फोनवर लिहायची, "पोचला." गेला की, "गेला." वेळ उलटून "गेला" आलं नाही, तर थोरलीनं फोन करून विचारायचं, "इस्त्रीचे कपडे आले का?" आले म्हणाली तर सगळं ठीक. अजून नाही म्हणाली तर पोलिसांना घेऊन ये. स्वतंत्र काम करणाऱ्या बायका हे अशा बाईवरच सोपवतात जिच्या हवाली आपला जीव करता येतो. थोरलीनं लगेच हो म्हटलं. मैत्रिणीला जपायचं म्हणून, असं ती म्हणाली. मला विचाराल, तर तिला बघायचं होतं की बॅरिस्टरकडे येतं तरी कोण कोण.

आता घड्याळवाल्यांबद्दल सांगायला हवं. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान विकलं, बायको गेली, गुडघे गेले, आणि राहिला तो गुरुवार. दर गुरुवारी दुपारी त्यांचा आत्याला फोन यायचा, "त्या उंच बाई मोकळ्या आहेत का?" उंच बाई म्हणजे थोरली. कितीतरी वर्षं हे चाललं होतं. खुर्चीत बसले की ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचे. म्हणायचे, "जन्मभर याच्याकडे बघितलं, आता नको." आणि मग बोलायचे. बाकीचं कधी व्हायचं, कधी नाही, पण बोलणं व्हायचंच. तिला त्यांनी कधी अरेतुरे केलं नाही. थोरली मेली तरी कबूल करणार नाही, पण गुरुवारी ती केस जरा जास्त वेळ विंचरायची.

आणि एका गुरुवारी त्यांचा फोन आला नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. थोरलीनं आत्याला विचारलं, तर आत्या नखाला रंग लावत म्हणाली, "म्हातारा माणूस. पिकलं पान. असं विचारू नये बाई." थोरली त्या दिवशी घरी जाऊन रडली आणि कांदा चिरत होते असं स्वतःलाच सांगून मोकळी झाली.

पण मग बॅरिस्टरकडून दर गुरुवारी दुपारी "पोचला" यायला लागलं. अगदी तीच वेळ.

"गुरुवारचा कोण आहे गं?" थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहेत एक काका. सज्जन आहेत बिचारे. घड्याळ काढून पालथं ठेवतात."

थोरलीचा जो तीळपापड झाला म्हणता! डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. ज्याच्यासाठी कांदे चिरले तो पठ्ठ्या जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि तिसरा मजला चढून बॅरिस्टरच्या खुर्चीत बसतोय! आणि ही बया! पडदे घेतलेस, दुपारी घेतल्यास, नाही म्हणण्याची ऐट घेतलीस, आता माझा गुरुवारही हवा का तुला? विचारायचं होतं तोंडावर. पण विचारलं तर हेवा दिसला असता, आणि थोरलीला तर कुणाचा हेवा वाटत नव्हता! मग तिनं काय करावं? पुढच्या गुरुवारी "पोचला" आल्यावर थोड्या वेळातच फोन लावला. "इस्त्रीचे कपडे आले का?"

"आले."

थोड्या वेळानं पुन्हा. "इस्त्रीचे कपडे आले का?"

"आले म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा बॅरिस्टर ओरडली, "अगं आले, आले, घड्या घालून कपाटातसुद्धा गेले! झालंय काय तुला?"

"काळजी वाटली," थोरली म्हणाली आणि उशीवर गुद्दा मारला. पलीकडून तिला घड्याळवाल्यांचं हसू ऐकू आलं होतं. तिच्याकडे ते असे मोठ्यानं कधी हसल्याचं तिला आठवेना.

यानंतर ती आणखीच चिडचिडी झाली. सोफ्यावर नवीन आलेल्या मुलीला जुनी गिऱ्हाइकं जात होती आणि हिच्या वाट्याला शहरात एक दिवसापुरते आलेले, पुन्हा तोंड न दाखवणारे. त्याचाही दोष ती मनातल्या मनात बॅरिस्टरलाच द्यायची. म्हणजे बघा, कावीळ झालेल्याला जग पिवळं, त्यातून पडदेही पिवळेच.

एका मंगळवारी ती मशीनमधून कॉफी घेऊन आत्याच्या दारात उभी होती. आत्याची नखं ओली, म्हणून फोन स्पीकरवर. पलीकडून एका माणसाचा आवाज आला. औषध कंपनीचा होता तो, थोरलीनं लगेच ओळखला, दर महिन्याचा जुना माणूस. तो म्हणाला, "त्या उंच बाई आहेत का?"

आत्यानं मान वर केली. थोरलीकडे बघितलं, अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून. पापणी हलली नाही. "त्यांचं लग्न झालं हो," आत्या म्हणाली. "बरेच महिने झाले. पण एक नवीन मुलगी आलीय, फार गोड आहे..."

थोरलीनं कॉफीचा कप आत्याच्या टेबलावर ठेवला. फोन संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"कुणाशी लावलंस गं आत्या माझं लग्न? निदान मुलगा तरी दाखवायचास."

"तोंड वाकडं करू नकोस," आत्या शांतपणे म्हणाली. "जुनी माणसं जुन्याच बाईला चिकटून बसली तर नव्या मुलींनी खायचं काय? तुला काम मिळतंय ना रोज?"

"सगळ्यांना सांगितलंस? गुरुवारच्यांनाही?"

"त्यांना तर सगळ्यांत आधी. फार चौकशा करायचे."

म्हणजे ते आपणहून गेले नव्हते. थोरलीला या एका गोष्टीनं इतका आनंद झाला की आत्यावर नीट चिडायलाही तिला सुचेना. तिला वाटलं, आपला गुरुवार कुणी चोरलेला नाही, आपल्याच घरच्यांनी रस्त्यावर टाकून दिला आणि बॅरिस्टरनं उचलला. उचललेली वस्तू मालकानं मागितली की द्यावी लागते. बॅरिस्टरला बिचारीला काय माहीत, की ते आपले.

रात्रभर तिनं हिशेब मांडला, पण पैशांचा नाही. स्वतंत्र व्हायचं तर एक भरवशाचा माणूस हवा. बाकीचे नंबर सगळे आत्याच्या फोनमध्ये, जाणाऱ्या बाईच्या हाताला काही लागत नाही. पण एक जरी हक्काचा असेल तर सुरुवात होते. बॅरिस्टरनंही दोघांवरच केली होती. हा एक माणूस मिळाला तर ती त्या सोफ्यातून सुटत होती. नाही मिळाला, तर या वयात शून्यापासून, अनोळखी दारं आणि न वाजणारा फोन. गुरुवारी सकाळी ती एजन्सीत गेली आणि आत्याच्या टेबलावर एजन्सीचा फोन ठेवला.

"बाहेर जाऊन खाणार काय?" आत्यानं विचारलं.

"आहेर आला असेल ना लग्नात, तो खाईन," थोरली म्हणाली आणि जिना उतरली. 

दुपारी "पोचला" आलं तेव्हा ती बॅरिस्टरच्या इमारतीखालीच उभी होती. आपल्या स्वतःच्या फोनचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून मुठीत धरला होता. जिना चढताना ती वाक्य पाठ करत होती, "अहो, माझं लग्नबिग्न काही झालेलं नाही. मी आता स्वतंत्र काम करते. हा माझा नंबर." हे वाक्य ऐकताना बॅरिस्टरचं तोंड कसं होईल, तेही ती दर पायरीवर बघत होती आणि तिला फार गोड वाटत होतं.

बॅरिस्टरनं दार उघडलं आणि ती पांढरी पडली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही," म्हणत थोरली तिला बाजूला सारून आत घुसली.

खिडकीजवळच्या खुर्चीत घड्याळवाले बसले होते. त्यांनी बघितलं, डोळे बारीक केले, आणि खुर्चीच्या हाताला धरून ते उठायला लागले. गुडघे कुरकुरले. थोरली बघतच राहिली. इतक्या वर्षांत ते तिच्यासाठी कधी उठले नव्हते. कशाला उठतील? तिथं ती कामावर आलेली असायची.

"अहो, तुम्ही!" ते म्हणाले. "या, या. बसा. माहेरी आलात वाटतं मैत्रिणीकडे?" आणि स्वतःची खुर्ची त्यांनी तिच्यापुढे केली. "ह्यांनी सगळं सांगितलंय मला. घर छान मिळालंय म्हणे तुम्हाला. मागं बाग आहे. मिस्टर स्वतः झाडांना पाणी घालतात."

थोरलीनं बॅरिस्टरकडे बघितलं. बॅरिस्टर भिंतीकडे बघत होती.

"मला आधी वाईट वाटलं," घड्याळवाले सांगत होते. "खोटं कशाला बोलू? पण मग घरी गेलो आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. म्हटलं, चला, कुणाचं तरी भलं झालं. माझ्या ओळखीच्या माणसाचं झालं. दर गुरुवारी मी यांना विचारतो, काय म्हणतात त्या, बऱ्या आहेत ना?"

बोलताना ते तिच्याकडे बघत होते. पुरुष कसा बघतो हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं; पोट भरलं होतं तिनं त्यावर. पण हे बघणं तिला नवीन होतं. शेजारच्या घरातली बाई भाजी घेऊन जिन्यात भेटावी आणि माणसानं बाजूला सरून वाट द्यावी, तसं ते बघत होते. आणि थोरलीला कळलं, की हे बघणं तिच्यासाठी नाहीच. ते त्या बागवाल्या बाईसाठी आहे. तोंड उघडलं की ते पुसलं जाणार, आणि हे पुन्हा खुर्चीत बसणार.

"मिस्टर बरे आहेत ना?" त्यांनी विचारलं.

मुठीतली चिठ्ठी घामानं भिजली होती. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.

"बरे आहेत," थोरली म्हणाली. "जरा सर्दी झालीय. ऐकत नाहीत माझं, डोक्यावर काही न घेता झाडांत उभे राहतात."

"वाफ घ्यायला सांगा," घड्याळवाले अगदी काळजीनं म्हणाले.

"सांगते."

मग त्यांनी टेबलावरचं पालथं घड्याळ उचललं. आज निघतो म्हणाले, तुम्ही दोघी बोला, कधी नव्हे ती भेट झालीय. दारात थांबून ते म्हणाले, "सुखी राहा." त्यांचा जिना उतरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"डोकं फिरलंय का तुझं?" बॅरिस्टर म्हणाली. "एका शब्दाचं काम होतं! तुझा माणूस होता, तुझ्याकडे आला असता!"

"म्हणजे माझा आहे हे तुला ठाऊक होतं."

बॅरिस्टरचं वकीलपण तिथं संपलं. ती मटकन खाली बसली. "जाहिरात बघून आले ते, आणि मी आत्याकडची हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, उंच बाईंचं लग्न झालं हे खरं का. मी हो म्हटलं. महिनाभर फोन वाजला नव्हता गं माझा. तुला काय वाटलं, नाही नाही म्हणते ती ऐटीत म्हणते? त्यातले निम्मे फोन वीज कंपनीचे असायचे. तू सोफ्यावर चौघींत हसत बसलेली असायचीस आणि मी इथं पडद्याकडे बघत. खरं सांगितलं असतं तर ते गेले असते तुझ्याकडे. मग दर गुरुवारी विचारायला लागले, तर मी बाग दिली, नवरा दिला. त्यांना इतकं बरं वाटायचं की मी देतच गेले." तिनं नाक पुसलं. "पुढच्या गुरुवारी सांगते मी त्यांना सगळं खरं."

"सांगशील तर जीभ हासडून हातात देईन," थोरली म्हणाली.

"मग तू करणार काय? एजन्सीत परत जाणार?"

"सकाळीच सोडली."

"आणि माणूस?"

"एकही नाही." थोरली त्या खुर्चीत बसली. चिठ्ठीचा लगदा झाला होता, तो तिनं पदरचं काही टाकावं तसा टेबलावर टाकला. "तुझा फार हेवा केला मी. पडद्यांचासुद्धा केला. लाज वाटते सांगायला."

"आता नाही वाटत?"

"तुझा नाही," थोरली म्हणाली. "तिचा वाटतो. सर्दी झालेल्या नवऱ्याला ओरडत असेल आत्ता."

बॅरिस्टरनं टेबलावरचा चिठ्ठीचा लगदा बोटानं सपाट केला. मग म्हणाली, "मला तर पहिल्या गुरुवारपासून वाटतोय."